तीन तोंडांची बेगमी

१२ फेब्रुवारी
काल संध्याकाळी लाइट गेली. जेमतेम पाऊण तास, पण तेवढ्यात आमच्या इमारतीची लायकी कळली. तळमजल्यावरचे सेक्रेटरी जिन्यात येऊन सगळ्यांचीच गेली आहे का, असं ओरडून विचारत होते. सगळ्यांचीच गेली आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं आणि ते घरात गेले. मेंढरं! आमची लेक मोबाइलच्या उजेडात नखं रंगवत होती. हिने मेणबत्ती लावली आणि पुन्हा शिवायला बसली. हिचं पायमशीन, त्यामुळे लाइट असली काय नि नसली काय. मी मात्र अंधारात त्याच मशीनवर नडगी आपटून घेतली. आज सूज आहे.

दाढी करताना लख्ख कळलं. ही सगळी संस्कृती एका बटणावर उभी आहे. ते बटण बंद झालं की उरणार कोण? सेक्रेटरी? छ्या.

आजपासून ही वही. कुणीही वाचायची नाही, त्यामुळे खरं लिहिता येईल.

१३ फेब्रुवारी
वाचनालयात गर्दी. म्हणजे पंख्याखाली नेहमीचे सहा म्हातारे, आणि सहाही जणांना एकच पेपर हवा. मी ग्रंथपाल आहे हे इतक्या वर्षांत त्यांना पटलेलं नाही. त्यांच्या लेखी मी पंखा लावणारा माणूस.

दुपारी मागच्या खोलीतलं नागरी संरक्षणाचं कपाट उघडलं. बिजागरी गंजलेली. आत जुनी सरकारी पत्रकं, पुस्तिका, नकाशे. संकटाशी माणसाने कसे कसे दोन हात केले त्याचा अख्खा इतिहास तिथे धूळ खात पडलाय आणि बाहेर लोक शब्दकोडं सोडवताहेत. दोन पिशव्या भरून घरी आणलं. रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावावर रीतसर नोंद केली. मी म्हणजे काही सेक्रेटरी नव्हे.

१६ फेब्रुवारी, रविवार
वाचन जोरात. इतिहास म्हणजे मूर्खांची मिरवणूक. बॉम्बच्या भीतीने लोकांनी अंगणात खड्डे खणले, वर पत्रा, पत्र्यावर माती. पाऊस आला, खड्ड्यांत पाणी साचलं, आणि ही मंडळी घोटाभर पाण्यात बॉम्बची वाट बघत बसली. उतार काढायला नको? पुढे शतक बदलताना कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून लोकांनी जनरेटर घेतले. काहीच झालं नाही, तर दुकानात परत करायला गेले. भित्रे लेकाचे! संकटाला जरा वेळ द्यायला नको?

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नाही. तीन तोंडांची वर्षभराची बेगमी करायची आणि कुणालाही कळू द्यायचं नाही. शिवाय वजन कमी करायचं.

एक सिद्धांतही मांडला. संकटात माणसांचे दोनच प्रकार: हात आणि तोंडं. ज्याला काही येतं तो हात. जो नुसता खातो तो तोंड. सेक्रेटरी तोंड. सहा म्हातारे, सहा तोंडं. मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, लोकांचं घरसामान व्हॅनमधून हलवतो आणि कशालाही खिदळतो. तोंड, तेही कायम उघडं. लेक हिशेबनिसाची परीक्षा देतेय. प्रलयात हिशेब कोण मागतो? तोंड. ही बायकांचे कपडे शिवते. प्रलयात फिटिंग कोण बघतो? तोंड. मी हात. अख्ख्या इमारतीत एकच.

२२ फेब्रुवारी
बेगमी सुरू. तांदूळ, साखर, मीठ, सुके वाटाणे. घरात मांजर नाही, पण मांजराच्या खाण्याचे डबे घाऊकात स्वस्त मिळाले, तेही घेतले. जागा म्हणून हिच्या शिवणखोलीतली एक भिंत मागितली. एका भिंतीने भागणार आहे का, असं ही म्हणाली. म्हटलं, शब्द देतो.

१ मार्च
दुसरी भिंत. शब्द एका भिंतीचा होता हे खरं, पण भिंती एकमेकींना लागूनच असतात.

हिचं कापडाचं कपाट गॅलरीत नेलं. कापडाला ऊन लागलेलं चांगलं.

८ मार्च
डबे सील करायचं यंत्र आलं. हँडल फिरवलं की डबा बंद. पुन्हा उघडायचा तर कापायलाच हवा. काय आवाज आहे त्याचा! वाटाणे सील केले, साखर सील केली. मग हात थांबेना. काडेपेट्या, सेल, साबण, सुतळी, मेणबत्त्या. हिने विचारलं, लाइट गेली तर मेणबत्ती कुठून काढायची? मी तिला समजावलं की मेणबत्ती संकटासाठी आहे, लाइट जाण्यासाठी नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

१५ मार्च
गुप्ततेचा टप्पा. सगळ्या डब्यांची लेबलं टबात भिजवून सोलून काढली. लुटारू घरात शिरलाच, तर कशात काय आहे ते त्याला कळता कामा नये. प्रत्येक डब्यावर नुसता आकडा. कोणता आकडा म्हणजे काय, ते एका कागदावर लिहिलं, पाठ केलं आणि कागद जाळला. लेकीने विचारलं, बाबा, तुम्ही काल जेवायला काय खाल्लंत ते आठवतंय का? उद्धटपणा हा विषय हल्ली कॉलेजात सक्तीचा असावा.

१७ मार्च
आकडा ८८ म्हणजे मीठ. नक्की मीठ. उघडला. मांजराचं निघालं.

निष्कर्ष: मलाच कळलं नाही, तिथे लुटारूला काय कळणार? गुप्तता उत्तम.

२४ मार्च
पाण्याची तीन पिंपं. तिसऱ्या भिंतीला. आता शिवणखोलीत मधोमध मशीन आणि त्याभोवती हिला बसण्यापुरती जागा आहे. जहाजावरच्या माणसांना याहून कमी मिळते.

पाण्याविना राहायची सवय म्हणून एक दिवसाआड नळ बंद ठेवायचं ठरवलं. घरात मतदान घेतलं. दोन विरुद्ध एक. तरीही ठराव मंजूर केला, कारण तोंडांना मत नसतं.

२९ मार्च
एक पिंप गळलं. हिच्या एका गिऱ्हाइकाचा, कुणी गाणारी बाई आहे, तिचा पांढरा झगा खाली टांगलेला होता. गंजाचं पाणी. बाईचा कार्यक्रम उद्या. ही बराच वेळ तो झगा मांडीवर घेऊन बसली होती. मी धीर दिला. म्हटलं, काळजी करू नकोस, पिंप पुन्हा भरता येतं.

५ एप्रिल
आज इतिहास प्रत्यक्षात उतरवला! जुन्या सरकारी पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: घरातली दारं बिजागऱ्यांसकट काढा, आतल्या भिंतीला तिरकी टेकवा, वर जड सामान रचा, आणि अणुबॉम्ब पडल्यावर चौदा दिवस त्याखाली बसा. एका सरकारने हे छापून तयार ठेवलं होतं. सरकार काय वेडं आहे?

तीन दारं काढली. स्वयंपाकघराचं, लेकीच्या खोलीचं आणि शिवणखोलीचं. मातीची पोती वर न्यायला सेक्रेटरींनी मनाई केली, जिना खराब होतो म्हणे. मग वाचनालयातून रद्दीत निघालेले विश्वकोश आणून रचले. हॉलमध्ये आता आसरा उभा आहे. आत एक माणूस आरामात बसतो. पुस्तिकेत कुटुंब म्हटलंय, पण त्या काळची माणसं बारीक असावीत.

स्क्रू आणि बिजागऱ्या हरवू नयेत म्हणून लगेच सील केल्या. मी असा माणूस आहे.

९ एप्रिल
हिचं म्हणणं, शिवणखोलीला दार नाही म्हणून बायका कपडे घालून बघायला तयार होत नाहीत. दोघी-तिघी तशाच परत गेल्या. मी ताडपत्री टांगून दिली. गिऱ्हाइकं आली नाहीत. जग अजून चांगलं चाललंय म्हणून यांना नाकं मुरडायला जमतंय.

१२ एप्रिल
लेक मैत्रिणीकडे राहायला गेली. परीक्षा जवळ आली, आणि दार नसलेल्या खोलीत अभ्यास होत नाही. शिवाय पहाटेच्या शिट्टीचा त्रास होतो. (पहाटे कधीही शिट्टी वाजवून सगळ्यांना उठवतो. संकट काही वेळ सांगून येत नाही.) माझ्या मते योग्यच झालं. सगळी माणसं एका जागी ठेवू नयेत असं पुस्तिकेतही आहे. तिची बॅग जरा मोठी वाटली.

२० एप्रिल, रविवार
आजचा दिवस सोन्याने लिहायला हवा. हिने प्रश्न विचारला!

गेले पंधरा-वीस दिवस ही फारशी बोलत नव्हती. मला वाटलं, गाढवापुढे गीता वाचतोय आपण. पण आत काहीतरी मुरत होतं. आज जेवताना (मीठ निघालं नाही, साखर निघाली) ही म्हणाली, घर सोडून निघायची वेळ आली हे कसं ओळखायचं? मी घास तसाच ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या विषयातलं काही हिने पहिल्यांदाच विचारलं होतं.

मी तीन खुणा सांगितल्या. पहिली, पाणी जातं. दुसरी, झोप जाते. तिसरी, एका छपराखालची माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. या तीन झाल्या की चौथीची वाट बघत बसायचं नाही. बसतात ते मरतात. ही लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, तीनच? म्हटलं, तीनच.

हिला बढती. तोंडांतून हातांत.

३ मे
ही झपाट्याने तयार होतेय. दाराशी ठेवायची पाठपिशवी मी भरून दिली होती: बँडेज, दोर, होकायंत्र, मांजराचे दोन डबे. हिने उलटी केली आणि नव्याने भरली. कात्र्या, मापाची टेप, सुया, रिळं, गिऱ्हाइकांच्या मापांची चोपडी. मी हसलो. मग वाटलं, असू दे, नवशिका माणूस आधी आवडीच्या वस्तू घेतो, पुढे शहाणा होतो.

मी हिला पहिला नियम घोकून घेतला: वस्तूंत जीव अडकवायचा नाही. हिने घरभर एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, नाही अडकत.

११ मे, रविवार
पळून जमायचं ठिकाण ठरवायचं होतं. माझ्या मनात शहराबाहेरची बंद पडलेली खाण होती. हिने मेव्हण्याच्या गॅरेजवरची खोली सुचवली. रिकामी आहे, नळाला पाणी आहे, उत्तरेला मोठी खिडकी आहे, उजेड छान येतो. उजेडाचा आणि जगण्याचा काय संबंध? पण नवशिक्यांचा हिरमोड करू नये. मंजूर केलं. ठिकाण क्रमांक दोन.

हिने आणखी एक शंका विचारली. संकट समोर दिसत असताना एखादा माणूस निघायलाच तयार नसेल, उलट संकटालाच कवटाळून बसला असेल, तर काय करायचं? मी स्वच्छ सांगितलं: मागे ठेवायचा. दया दाखवली की दोघंही बुडतात. ती म्हणाली, अगदी जवळचा असला तरी? म्हटलं, जवळचा असला तर आधी त्याचाच हात सोडायचा, कारण तोच घट्ट धरून ठेवतो. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं बोलणं पहिल्यांदाच कुणाच्या काळजाला भिडलं.

१७ मे
पहिला सराव. हिने मशीन घेऊन उतरायचा हट्ट धरला. मशीनचं डोकं स्टँडवरून कसं सोडवायचं, स्टँड दोघांत कसा धरायचा, वळणावर कुणी खाली राहायचं, हे सगळं मीच शिकवलं. मेव्हणा मदतीला होता. तो जिन्यात खिदळत होता, पण त्याला सामान उतरवता येतं हे कबूल केलं पाहिजे. त्याचा दर्जा अर्धा हात असा बदलला.

२५ मे, रविवार
दुसरा सराव. पहिल्यापेक्षा कितीतरी जलद. नियमच आहे, दोनदा सराव आणि तिसऱ्यांदा खरं.

सेक्रेटरी जिन्यात भेटले. डोळे मिचकावून म्हणाले, काही झालं तर आम्ही तुमच्याकडेच येणार बरं का, तुमच्याकडे खूप वाटाणे आहेत. गुप्तता कुठून फुटली कळत नाही. मी त्यांना दारावरचा नियम सांगितला. हा माझा सर्वांत कडक नियम. आसऱ्याच्या दारावर कुणीही आलं, सख्खं असलं तरी, आतून एकच प्रश्न विचारायचा: तुला काय येतं? उत्तर नसेल तर दार उघडायचं नाही. सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना सह्या करता येतात, बस. ही माझ्या मागेच उभी होती. नियम हिने पुन्हा एकदा म्हणून दाखवला.

२ जून
ही आता गरजेपुरतंच बोलते. मीठ, हो, नाही. याला म्हणतात शिस्त.

कधी कधी वाटतं, आमचा संसार आत्ता कुठे सुरू झाला.

८ जून, रविवार
सकाळी ७.००. महासराव. योजना माझी. शिट्टी वाजली की हिने निघायचं, मेव्हणा व्हॅन घेऊन खाली, तिथून ठिकाण क्रमांक दोन. मी आसऱ्यात. शेवटचा माणूस म्हणून. बोटीचा कप्तान शेवटीच उतरतो. दहा वाजेपर्यंत कुणी कुणाला फोन करायचा नाही.

७.१०. दारांखाली बसून लिहितोय. आवाजांवरून सगळं कळतं. मशीन निघालं. कपाटही निघालं वाटतं. कुणी काही आपटत नाही, कुणी ओरडत नाही. माझं प्रशिक्षण!

७.२५. ही हॉलमध्ये आली होती. चपला दिसल्या. आसऱ्यासमोर जरा वेळ उभी राहिली. येताय का, असं विचारलं. मी आतूनच म्हटलं, मी इथून हलणार नाही, तू तुझं काम कर. ही म्हणाली, बरं. ही परीक्षा होती हे मला तेव्हाच कळलं. तिने माझी परीक्षा घेतली, आणि मी पास झालो.

७.३५. व्हॅन गेली. मेव्हणा हसला नाही. विक्रमी वेळ.

१०.१५. परतीची वेळ झाली. रस्त्यावर गर्दी असावी.

११.४०. बाहेर येताना विश्वकोशाचे दोन खंड पायावर पडले. क ते ख.

दुपारी १.००. भूक. आकडा ४१. मांजर.

३.३०. फोनबंदी मोडावी लागली. लेकीने उचलला. लेक तिकडे कशी? आई पडदे लावतेय, असं म्हणाली. ठिकाण क्रमांक दोनला पडदे कशाला? मग ही फोनवर आली. मी म्हटलं, सराव संपला, परत या. ही म्हणाली, दोन सराव झाले होते, आज सराव नव्हता. मी विचारलं, संकट कोणतं? ही म्हणाली, पाणी गेलं, झोप गेली, बोलणं गेलं. तीन खुणा झाल्या. चौथीची वाट बघायची नाही असं तुम्हीच सांगितलंत.

माझ्याजवळ उत्तर तयार होतं, पण फोन बंद झाला होता.

गुणांकन: वेग उत्तम. गुप्तता उत्तम. नियमपालन पैकीच्या पैकी. शंभरातले शंभर देणार होतो. एकूण गुण मात्र दिले नाहीत.

९ जून
वाचनालयात गेलो. म्हाताऱ्यांनी पंखा वाढवायला सांगितला. वाढवला.

१० जून
गुप्तता उत्तम हे खोडून टाकलं. सेक्रेटरी वर आले होते. पाण्याची टाकी धुणार आहेत, हे सांगायचं निमित्त. खरं म्हणजे माझी चौकशी करायला. हिने शनिवारीच सगळ्या मजल्यांवर जाऊन निरोप घेतला होता म्हणे. दोन बायका रडल्या. सगळ्या इमारतीला माहीत होतं! त्यांनी विचारलं, तुम्हाला खरंच कळलं नाही? मी शिवणखोलीत शिरून दार लावून घ्यायला वळलो. तिथलं दार मीच काढलंय हे लक्षात आलं. तसाच उभा राहिलो.

जाताना म्हणाले, जेवायला खाली या. मी म्हटलं, माझ्याकडे वर्षभराची बेगमी आहे.

१२ जून
नळ चालू केला. रोजचा. घरात एकट्याला पाणी सवलतीने द्यायला हरकत नाही.

पहाटे शिट्टी वाजवली. मीच उठलेला होतो.

घरात काहीतरी कमी आहे. मशीन. इतकी वर्षं त्या खडखडाटाची कटकट वाटायची. आता नाही तर करमत नाही. हे लिहिलेलं खोडायचं आहे. सवड झाली की खोडतो.

१५ जून, रविवार
ठिकाण क्रमांक दोनला गेलो. तपासणीसाठी. माझी पाठपिशवी घेऊन, नियमाप्रमाणे. खाली गॅरेजात मेव्हणा व्हॅन धूत होता. मला बघून हसला नाही, वर बोट केलं. खिदळला असता तरी चाललं असतं.

वर दाराला नवीन कडी. दाराआड मशीन चाललं होतं. मधेच कुणी बाई म्हणाली, कमरेत जरा सैल हवा. पांढऱ्या झग्याचीच ती, आवाज गाणाऱ्या बाईचा. मी दार वाजवलं. मशीन थांबलं. कोण, असं आतून हिने विचारलं. मी, म्हटलं.

कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ही म्हणाली, तुम्हाला काय येतं?

चिडून नाही विचारलं. साधंच विचारलं. कडक उन्हात जिन्यावर उभा राहून मी विचार केला. बेगमी करता येते, हे सांगणार होतो, पण बेगमी तर दुकानदारही करतो. पुस्तिका वाचता येतात. शिट्टी वाजवता येते. लेबलं काढता येतात. शेवटी म्हटलं, दारं काढता येतात.

आत कुणी तरी हसलं. लेक असावी. मग ही म्हणाली, बसवता येतात का?

मी म्हटलं, येतात.

ही म्हणाली, मग आधी बसवा. नंतर बघू.

नंतर बघू! नाही म्हणाली नाही. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

१६ जून
अर्ध्या दिवसाची रजा. आसरा मोडला, विश्वकोश जिन्याखाली ठेवले. तिन्ही दारं आपापल्या चौकटींत उभी करून बघितली. बरोब्बर बसतात. आता फक्त बिजागऱ्या आणि स्क्रू.

बिजागऱ्या आणि स्क्रू सील केलेत. डब्यात. आकडा... तो कागदावरही नव्हता, नुसता पाठ केला होता.

१७ जून
आकडा १०३ असावा. ५ एप्रिलच्या सुमाराचे आकडे शंभराच्या पुढचे. १०३ कापला. साबण.

१८ जून
डबे हलवून बघायची युक्ती काढली. स्क्रूचा डबा खुळखुळणार. हुशारी ती हुशारी! साठ-सत्तर डबे खुळखुळले. सुके वाटाणे आणि स्क्रू सारखेच वाजतात. एकेक डबा कापायचा. बेगमी उघडी पडली तर पडो, पोरकिडे लागतील ते लागोत.

बाजारातून नवे स्क्रू आणायला गेलो होतो. दुकानदाराने बिजागरीचं माप विचारलं. मापाची टेप ही घेऊन गेली आहे.

१९ जून
वाटाणे. वाटाणे. मांजर. वाटाणे. काडेपेट्या.

२१ जून
मेणबत्त्या सापडल्या. हिला कळवावंसं वाटलं. कळवलं नाही. दारं बसल्याशिवाय फोन करायचा नाही, हा माझा नवा नियम.

सेक्रेटरींना दोन डबे वाटाणे दिले. त्यांना शिजवता येतात. त्यांचा दर्जा बदलावा लागणार.

२२ जून, रविवार
हिशेब केला. तीन तोंडांची वर्षभराची बेगमी. घरात आता एकच तोंड. म्हणजे तीन वर्षांची झाली. काही न करता तयारी तिप्पट. अशी मजल इतिहासात कुणी मारली नसेल.

दिवसभर डबे कापले. बोटाला लागलं, बँडेज सील आहे. संध्याकाळी आकडा ११७ हातात घेतला. जड होता, छान खुळखुळला. हाच, असं मनाने घेतलं. हिला फोनवर काय सांगायचं ते आधीच ठरवून टाकलं. तिन्ही दारं लागली, शिवणखोली रिकामी करतोय, चारही भिंती तुझ्या.

कापला. वाटाणे.

कापलेल्या डब्यातले वाटाणे ठेवणार कुठे? भिजत घातले. पातेल्यात पाणी ओतल्यावर लक्षात आलं, सवयीने तिघांचे घातले.